तिसऱ्या किल्टचा हिशेब

स्कॉटलंडमध्ये एका पुरुषाकडे किती किल्ट असावेत, याचा नियम कुठेही लिहिलेला नाही. पुष्कळांकडे एकही नसतो. लग्नाकार्यापुरता ते भाड्यानं आणतात. ज्यांच्याकडे असतो त्यांच्याकडे बहुधा एकच असतो आणि तो एक तर वडिलांचा असतो किंवा स्वतःच्या लग्नातला. दोन बाळगणारा माणूस हौशी समजला जातो. तिसऱ्याची गोष्ट निघाली की मात्र घरात चर्चा सुरू होते आणि ती आपल्याकडच्या साड्यांच्या चर्चेपेक्षा फारशी वेगळी नसते. ‘आहेत ते तरी नेसून होतात का?’ हा पहिला प्रश्न. ‘ठेवणार कुठे?’ हा दुसरा.

मुलगी एडिंबऱ्याला असल्यामुळे गेली काही वर्षं उन्हाळ्यात माझं तिकडे जाणं होतं. तिच्या वरच्या मजल्यावर गणिताचे एक निवृत्त शिक्षक सपत्नीक राहतात. त्यांचं नाव सांगण्याचं कारण नाही. मी मनातल्या मनात त्यांना ‘मास्तर’ म्हणतो, इथेही तेच म्हणेन. वय एकाहत्तर. कपाटात दोन किल्ट. पहिला वडिलांचा, लालभडक, घराण्याच्या टार्टनचा. याच किल्टमध्ये मास्तर स्वतः बोहल्यावर चढले. पण आता त्याचा कमरेचा पट्टा बकलापर्यंत पोचत नाही. दुसरा निवृत्तीच्या वेळी घेतलेला, ‘ब्लॅक वॉच’ नावाच्या काळ्या-निळ्या-हिरव्या चौकडीचा. तो बेतशीर बसतो आणि कुठल्याही प्रसंगाला चालतो. अशात त्यांच्या मनात भरलं ‘आयल ऑफ स्काय’ हे टार्टन. डोंगरउताराचा हिरवा, हेदरच्या फुलांचा जांभळा आणि दोन्हींवर धुकं उतरल्यासारखी छटा. दुकानदारानं दिलेला वीतभर नमुना त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला टाचणीनं लावून ठेवला होता.

‘लोकांना पैसे द्यायचे की नाही, हे तुम्ही जन्मभर ठरवत आलात,’ ते मला म्हणाले. ‘माझं प्रकरण तपासा.’

बँकेत तीस-बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला असं कोणी म्हणालं की त्याचा हात आपोआप पेनाकडे जातो. पण प्रकरण तपासण्याआधी वस्तू काय आहे, ते समजून घ्यावं लागतं. शाखेत आम्ही म्हैस न पाहता म्हशीचं कर्ज देत नसू.

मराठी वाचकाला किल्ट समजावून सांगणं सोपं आहे, कारण आपल्याकडे नऊवारी आहे आणि त्यांच्याकडे आठवारी. पारंपरिक, उत्तम किल्टला आठ वार लोकरी कापड लागतं. खरं म्हणजे दुप्पट पन्ह्याचं चार वार घेतात आणि ते मधोमध कापून दोन पट्टे जोडतात. वारी सोळा औंसाचं जाड कापड घेतलं तर चार वारांचं वजन चार पौंड, म्हणजे पावणेदोन किलोंच्या वर भरतं. पुढची बाजू सपाट ठेवतात आणि मागे बारीक निऱ्या. या निऱ्या घालणं हेच कारागिराचं खरं कसब. टार्टनची चौकडी ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येते. त्या एका आवर्तनाला ‘सेट’ म्हणतात. प्रत्येक निरी अशी मोजून घालायची की मागे घड्या पडूनही वरून पाहताना चौकडी सलग दिसावी, कुठे तुटू नये. निऱ्या कमरेपासून खाली काही इंच हातानं शिवून पक्क्या करतात, पुढे मोकळ्या सोडतात. म्हणून माणूस चालायला लागला की त्या डोलतात. अशा एका किल्टला कारागिराचे दोन-तीन दिवस सहज जातात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. किल्टची खालची कड दुमडून शिवलेली नसते. तो कापडाचा मूळ काठच असतो. त्यामुळे कमरेला किल्ट सैल किंवा घट्ट करता येतो, पट्टे-बकलं सरकवता येतात, फारच झालं तर निऱ्या उसवून पुन्हा बसवता येतात. लांबी मात्र वाढवता येत नाही. गुडघ्याच्या मध्यापर्यंत यायचा तो तिथपर्यंतच येतो.

असा हातशिलाईचा किल्ट आज सातशे पौंडांच्या आसपास जातो. आपल्या पैशांत सत्तर हजारांच्या पुढे. स्वस्तातले मार्गही आहेत. पाच वार कापडाचे, कृत्रिम धाग्याचे, तयार मिळणारे. यांतले पुष्कळ पाकिस्तानात सियालकोटला शिवले जातात. बॅगपाइप बनवण्यासाठीही ते शहर प्रसिद्ध आहे. मास्तरांना ते नको होते. ‘स्वस्तातली हौस ही हौसही नव्हे आणि बचतही नव्हे,’ त्यांच्या पत्नी म्हणाल्या. बाई बोलतात थोडं, पण घराचा जमाखर्च त्यांच्याकडे आहे.

कर्जाच्या अर्जात ‘हेतू’ नावाचा एक रकाना असतो. त्या रकान्यानं मला माणसं वाचायला शिकवलं. शेतकरी लिहायचा ‘विहीर खोदाई’ आणि मनात असायचं मुलीचं लग्न. दुकानदार लिहायचा ‘खेळतं भांडवल’ आणि मनात असायची भावाची वाटणी. यात लबाडी क्वचितच असे. खरा हेतू बँकेला पटणार नाही, या भीतीनं माणूस पटेल असा हेतू लिहितो. आणि लिहिता लिहिता तोच खरा आहे असं त्याला स्वतःलाच वाटू लागतं. मास्तरांनीही मला एक सोडून तीन हेतू सांगितले. आम्ही ते एकेक करून तपासले.

पहिला हेतू काटकसरीचा! गणिताच्या शिक्षकाला शोभेल असा हिशेब त्यांनी मांडला. किल्ट नेसण्याचे प्रसंग वर्षातून सहा धरा: पंचवीस जानेवारीची बर्न्स नाइट, तीस नोव्हेंबरचा सेंट अँड्र्यूज डे, वर्षअखेरचा होग्मनी, एखाद-दुसरं लग्न आणि या वयात एखादा अंत्यविधी. किल्ट पंधरा वर्षं चालेल असं धरा. म्हणजे नव्वद वेळा. सातशेला नव्वदनं भागलं की एका वेळेचा खर्च आठ पौंडांपेक्षा कमी. कोट, स्पोरान, मोजे, बूट यांसह भाड्यानं पोशाख आणायचा तर एका दिवसाचे शंभर पौंडांच्या घरात जातात. मग स्वस्त काय पडलं?

भागाकार बरोबर होता; चूक मांडणीत होती. किल्ट वाढला म्हणून प्रसंग वाढत नाहीत. सहा प्रसंग तीन किल्टांत वाटले तर नव्याच्या वाट्याला वर्षाला दोनच येतात. पंधरा वर्षांत तीस. म्हणजे खर्च आठवरून तेवीस पौंडांवर गेला. आणि भाडं वाचण्याचा तर प्रश्नच नाही, कारण अंगाला बसणारा एक किल्ट घरात आहेच. नव्या किल्टबरोबर येणारा खर्च वेगळाच: जांभळ्या-हिरव्याला लाल मोजे चालत नाहीत, टाय वेगळा लागतो. शिवाय लोकरीला कसर लागते. जितके किल्ट जास्त, तितकी राखण जास्त. मी हे सांगितल्यावर मास्तर हसले. शाळेत असतं तर या उदाहरणात आपण विद्यार्थ्याचे गुण कापले असते, म्हणाले. पहिला हेतू तिथेच निकालात निघाला.

दुसरं कारण म्हणजे खरं तर एक संकोच होता. ‘स्काय माझ्या घराण्याचं टार्टन नाही. माझे पूर्वज त्या बेटावरचे नाहीत. मला ते नेसण्याचा हक्क आहे का?’ तो संकोच मोडून काढायला कोणी मदत केली तर हवी होती.

इथे थोडा इतिहास पाहावा लागतो. चौकडीचं कापड स्कॉटलंडमध्ये फार जुनं आहे. फॉलकर्कजवळ १९३३ साली रोमन नाण्यांनी भरलेलं एक मडकं सापडलं. जवळजवळ दोन हजार चांदीची नाणी आणि मडक्याच्या तोंडाशी बोळा म्हणून कोंबलेला चौकडीच्या लोकरी कापडाचा तुकडा. तो तिसऱ्या शतकातला आहे. ग्लेन अफ्रिकच्या दलदलीत मिळालेला टार्टनचा तुकडा सन १५०० ते १६०० च्या दरम्यानचा ठरला आणि २०२३ साली तो डंडीच्या संग्रहालयात लोकांनी पाहिला. पण चौकडी जुनी असणं वेगळं आणि अमुक चौकडी अमुक घराण्याची असणं वेगळं. जुने हायलँडर अंगाभोवती न शिवलेलं लांबलचक कापड निऱ्या घालून, पट्ट्यानं आवळून नेसत आणि उरलेला भाग खांद्यावर घेत. रंग ठरत ते विणकराच्या हाताशी असलेल्या रंगांवर आणि घेणाऱ्याच्या ऐपतीवर. खालच्या निम्म्या भागाचा शिवलेला छोटा किल्ट अठराव्या शतकातला.

कलोडनच्या रणावर एप्रिल १७४६ मध्ये स्टुअर्ट पक्षाचा पराभव झाल्यावर इंग्रज सरकारनं हायलँडच्या पुरुषांना या पोशाखाची बंदी केली. एक ऑगस्ट १७४७ पासून ती लागू झाली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार रवानगी. सूट फक्त सरकारी फौजेतल्यांना. पस्तीस वर्षांनी, १७८२ साली, बंदी उठली. आणि मग ज्या पोशाखाला तुरुंग होता, त्यालाच मान मिळू लागला. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांत राज्यावर असलेला कोणी राजा तिकडे फिरकला नव्हता. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी स्वागताचा असा थाट उडवला की स्थूल राजेसाहेबही किल्ट नेसून मिरवले, आत कातडीच्या रंगाची तंग विजार घालून. त्या पोशाखाचं बिल १,३५४ पौंडांवर गेलं होतं. तेव्हापासून प्रत्येक सरदाराला, प्रत्येक आडनावाला आपापलं टार्टन हवं झालं. बॅनकबर्नचे विल्सन हे त्या काळचे मोठे विणकर. त्यांच्याकडे पुष्कळ चौकडी आधी क्रमांकांनी ओळखल्या जात. नावं मागाहून चिकटली. १८४२ मध्ये दोन भावांनी जुन्या हस्तलिखिताच्या आधारे म्हणून घराण्यांच्या टार्टनचा एक देखणा ग्रंथ काढला. ते हस्तलिखित बनावट असल्याचं पुढे सिद्ध झालं, पण त्यातली कित्येक टार्टन आजही त्या त्या घराण्याची म्हणून मानानं नेसली जातात.

आज टार्टनची सरकारी नोंदवही आहे, २००९ पासून. तीत घराण्यांची, जिल्ह्यांची, संस्थांची, कंपन्यांचीही टार्टन आहेत. स्कायचं टार्टन १९९० च्या दशकातलं, म्हणजे मास्तरांच्या मुलीपेक्षाही लहान. ते कुठल्या घराण्याचं नाहीच, ते एका जागेचं आहे. कायदा कोणालाही काही नेसायला अडवत नाही. बाल्मोरलचं टार्टन तेवढं राजघराण्यापुरतं राखलेलं आहे आणि तो संकेत लोक पाळतात. तेव्हा हक्काचा प्रश्न इतिहासानं केव्हाच सोडवून ठेवला आहे.

हे बोलणं चाललेलं असताना मास्तरांनी खणातून वडिलांच्या टोपीचा बिल्ला काढून माझ्या हातावर ठेवला. वडील दुसऱ्या महायुद्धात ग्लासगोच्या ‘हायलँड लाइट इन्फन्ट्री’त होते. चांदणीच्या आकाराच्या त्या बिल्ल्याच्या तळाशी चिमुकला हत्ती आणि त्याच्यावर शब्द ‘असई’! आपल्या जालना जिल्ह्यातली असई. तेवीस सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेनं तिथे शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी लढाई केली, त्यात ७४ वी आणि ७८ वी या हायलँडर पलटणी होत्या. ७४ वी पुढे या पलटणीत विलीन झाली आणि आपला हत्ती बरोबर घेऊन आली. ज्या लढाईत आपली माणसं हजारोंनी पडली, तिचं नाव ग्लासगोची पोरं वर्षानुवर्षं टोपीवर मिरवत होती. बिल्ला हातात घेऊन मी बराच वेळ काही बोललो नाही. मास्तरही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तुमच्या गावाचं नाव कपाळावर लावताना आम्ही तुम्हाला विचारलं नव्हतं.’ त्या दिवसानंतर त्यांनी हक्काचा प्रश्न पुन्हा काढला नाही. एका बेटाची चौकडी नेसणं ही त्यामानानं फारच निरुपद्रवी गोष्ट होती.

तिसरा हेतू सगळ्यांत भक्कम वाटत होता. वारसा! चांगला किल्ट एका पिढीत संपत नाही. मास्तरांचा विचार असा: वडिलांचा लाल किल्ट सतरा वर्षांच्या नातवाला द्यायचा. त्याचा शाळा सोडतानाचा नाच जवळ आला होता आणि त्या दिवशी तिकडची मुलं हौसेनं किल्ट नेसतात. कारागिराकडून कंबर आवळून घेतली की झालं. लाल किल्ट गेला की कपाटात एकच उरतो. मग नवा किल्ट तिसरा राहत नाही, दुसरा होतो. आणि तोही पुढेमागे नातवाकडेच जाईल. मला हे पटलं. अशा तारणावर मी सही केली असती.

नातू एका शनिवारी आला. पोरगा गोड, उंच, हातपाय नुसते वाढलेले. पणजोबांचा किल्ट त्यानं कुरकूर न करता कमरेला गुंडाळला. कंबर दुमडून बसवता आली असती. पण पणजोबा होते बुटके. किल्ट गुडघ्याच्या वर चांगला तीन इंच राहिला. आणि मघाशी सांगितलं तसं, खाली सोडायला दुमड नव्हती. तिथे काठ होता. काठाच्या पुढे कापड नसतं. बाईंनी किल्ट थोडा खाली ओढून पाहिला, तर निऱ्या फाकल्या. पोरगा बिचारा आजोबांच्या तोंडाकडे पाहून म्हणाला, ‘चालेल मला.’ पण चालण्यासारखं नव्हतं, हे सगळ्यांनाच दिसत होतं. शेवटी त्याच्या मित्रांनी घेतला तसा राखाडी किल्ट त्यानं भाड्यानं आणला आणि तो त्याला छान दिसला.

लाल किल्ट पुन्हा कागदात गुंडाळला गेला. तिसरा हेतूही गेला.

आता उरला होता फक्त खरा हेतू. तो बोलायला मास्तरांना दोन दिवस लागले. ‘मला ते टार्टन आवडलंय,’ ते म्हणाले. ‘एवढंच. बाकी काही नाही.’ वडिलांचा किल्ट घराण्याचा होता, तो त्यांनी निवडला नव्हता. ब्लॅक वॉच कुठेही चालतं म्हणून घेतलं होतं. म्हणजे तेही दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी. एकाहत्तर वर्षांत स्वतःला आवडला म्हणून एकही किल्ट त्यांनी घेतला नव्हता.

बँकेच्या फॉर्मवर ‘आवडलं’ हा हेतू मी कधीच मान्य केला नसता. पण बँकेचा पैसा लोकांचा असतो. मास्तरांचा पैसा मास्तरांचा होता. तो फक्त त्यांचाच होता का, एवढं पाहायचं राहिलं. आणि इथे बाईंनी वही उघडली.

एडिंबऱ्याच्या जुन्या दगडी इमारतींत सात-आठ बिऱ्हाडांमध्ये छप्पर एकच असतं. गळू लागलं की खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा. त्यांच्या छपराच्या स्लेटा निसटल्या होत्या, कंत्राटदाराचा आकडा आला होता आणि मास्तरांच्या वाट्याची रक्कम किल्टच्या कितीतरी पट होती. शिवाय २०२२ पासून घर गरम ठेवण्याचा खर्च असा वाढला की हिवाळ्यात ही दोघं एकाच खोलीत बसत. बाईंची तक्रार नव्हती. त्यांनी आकडे वाचून दाखवले आणि वही मिटली. ‘नको म्हणत नाही मी,’ त्या म्हणाल्या. ‘आधी छप्पर.’

मला माझं मत विचारलं गेलं तेव्हा मी एवढंच सांगितलं की, गरज नसलेल्या वस्तूला गरजेचे कपडे चढवू नयेत. तसं केलं की आपण दोन्ही बाजूंनी फसतो. घेतली तर हिशेब खोटा असल्याची बोच राहते आणि नाही घेतली तर काहीतरी शहाणपणाचं हातून सुटलं, अशी चुटपुट. हौस आहे तर हौस म्हणावं आणि तिला रांगेत उभं करावं. छपराच्या मागे, गॅसच्या बिलाच्या मागे. रांगेत उभी राहूनही जी हौस घरी परत जात नाही, तिचा नंबर आला की मग मान हलवण्यात अर्थ नाही. तिला आनंदानं आत घ्यावं. आमच्या पिढीला पहिला भाग चांगला जमला. दुसऱ्या भागात आम्ही कच्चे. नंबर आलेल्या हौसेलाही आम्ही ‘उद्या या’ म्हणत आलो आणि उद्या आला तेव्हा गुडघे दुखत होते.

छप्पर पुढच्या वसंतात पुरं झालं. पैसे चुकते झाले. कॅलेंडर बदललं, नमुना जुन्यावरून नव्यावर आला. मी पुन्हा गेलो तेव्हा मास्तर मापं द्यायला निघाले होते. मला आणि बाईंना बरोबर घेतलं. कारागीर बाई मध्यम वयाच्या, मोजक्या बोलणाऱ्या. बेंबीपाशी कमरेचं माप घेतलं, नितंबांचं घेतलं, मग गुडघ्यापर्यंतची लांबी. पुढेमागे घरातल्या कोणा उंच माणसाला द्यायचा असेल तर आताच दोन-तीन इंच जास्त धरू का, असं त्यांनी सहज विचारलं. मागाहून वाढवता येत नाही ना, म्हणून.

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. बाई दुसरीकडे पाहत होत्या.

‘नको,’ मास्तर म्हणाले. ‘माझ्या गुडघ्यापर्यंतच.’